तुम्ही विचारलंत म्हणून : बीथोवनच्या कानांविषयी

पाश्चात्त्य अभिजात संगीताचा विषय निघाला की मला हमखास विचारले जाते : जर्मन संगीतकार बीथोवनला ऐकू येत नव्हते, तर त्याने नववी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची दीर्घ रचना) रचली कशी? आपल्याकडे राग मैफलीत, गाता गाता उलगडतो, त्यामुळे कानांवाचून संगीत हा आपल्याला चमत्कारच वाटतो. मला तसे वाटत नाही. त्या परंपरेत रचना कागदावर घडते, लिहिलेले स्वर मनात ऐकू येणे हा तालमीचाच भाग असतो, आणि त्याचे कान अधू होऊ लागले तेव्हा तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, व्हिएन्नात नाव कमावलेला पियानोवादक होता.

बहिरेपणाने रचना थांबली नाही. तुटली ती माणसे. ऑक्टोबर १८०२ मध्ये व्हिएन्नाजवळच्या हायलिगनश्टाट येथे भावांसाठी लिहिलेल्या, पण कधीच न पाठवलेल्या पत्रात तो म्हणतो, की जे इंद्रिय इतरांहून तल्लख असायला हवे तेच दुबळे झाल्याचे चारचौघांत कबूल करणे त्याला अशक्य होते. तरीही त्याच्या साऱ्या स्वभावाचे खापर मी कानांवर फोडणार नाही. भावाच्या मृत्यूनंतर पुतण्या कार्लला आईपासून तोडण्यासाठी त्याने वर्षानुवर्षे कोर्टकचेरी केली, आणि १८२६ मध्ये त्या पोराने स्वतःवर पिस्तूल झाडून घेतले. कार्ल वाचला, हे नशीब. ती कोर्टकचेरी हा निव्वळ हट्ट होता.

संगीतात मात्र त्याच हट्टाने वाटा रुंदावल्या. सात भाग न थांबता वाजवायचे असे एक तंतुवाद्य-चतुष्टय (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) त्याने अखेरच्या काळात लिहिले, तर नवव्या सिंफनीत गायकवृंद आणला. पुढच्यांवर त्याचे दडपण एवढे, की पुढच्या पिढीतल्या ब्राम्स या जर्मन संगीतकाराची पहिली सिंफनी रंगमंचावर यायला १८७६ साल उजाडले. तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता.

७ मे १८२४ रोजी नववी सिंफनी प्रथम सादर झाली तेव्हा टाळ्या दिसाव्यात म्हणून बीथोवनला गायिका कारोलिने उंगर हिने श्रोत्यांकडे वळवले, हा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. मला अधिक अस्वस्थ करतात त्या त्याच्या संभाषणवह्या. १८१८ पासून भेटायला येणारे त्यांत लिहीत आणि तो बहुधा तोंडीच उत्तर देई. त्यामुळे पाहुण्यांचे प्रश्न, बाजारहाटाच्या गोष्टी, पुतण्याच्या तक्रारी आज वाचता येतात. त्याची उत्तरे बहुतेक त्या खोल्यांतच विरून गेली.