एच-इंडेक्स पाहून झाला, आता पेपरांची यादी उघडा

मनोविकारशास्त्र आणि कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्स (विचार, स्मृती यांमागचं मेंदूचं काम अभ्यासणारं शास्त्र) अशा दोन्ही क्षेत्रांत काम करणाऱ्या संशोधकाचा प्रभाव मोजायचा झाला की निवड समित्या सहसा गुगल स्कॉलर ही शोधनिबंधांची शोधसेवा उघडतात, एच-इंडेक्स टिपून घेतात आणि पुढच्या अर्जाकडे वळतात. या दोन क्षेत्रांत तर हे फारच फसवं ठरतं, कारण इथे सायटेशन (दुसऱ्या पेपराने दिलेला संदर्भ) कशासाठी मिळालं याची कारणं फार वेगवेगळी असतात.

आधी त्या आकड्याबद्दल. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी तो २००५ मध्ये मांडला. प्रत्येकी किमान २० सायटेशन्स मिळालेले २० पेपर असतील, तर एच २०. म्हणजे प्रत्येकी २० सायटेशन्सचे २० पेपर (एकूण ४००) असणाऱ्याचा एच २०, आणि प्रत्येकी २,००० सायटेशन्सचे पाचच पेपर (एकूण १०,०००) असणाऱ्याचा एच ५! शिवाय माणूस काम थांबवून घरी बसला तरी हा आकडा वाढू शकतो. त्यामुळे वेगवेगळ्या वयाच्या संशोधकांची त्यावरून तुलना करू नये.

आकडा कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला, हे सोबत लिहिलंच पाहिजे. गुगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटमधली (तज्ज्ञ-तपासणीआधी खुल्या केलेल्या पेपरांतली) सायटेशन्सही धरतो, म्हणून तिथला आकडा स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या निवडक जर्नल्सच्या डेटाबेसपेक्षा साधारणपणे मोठा दिसतो. एका उमेदवाराचा आकडा स्कॉलरचा आणि दुसऱ्याचा स्कोपसचा घेतला, तर तुलना तिथेच संपली. नावांचा घोळ वेगळाच. स्कोपस प्रोफाइल आपोआप बनवतं. संस्था बदलली किंवा आडनाव बदललं की एका माणसाची दोन प्रोफाइल होतात, आणि आद्याक्षरं जुळली की दोन माणसांचे पेपर एकात मिसळतात. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची कायमची ओळख) १६ अंकी क्रमांक आणि संशोधकाने स्वतः दिलेली यादी शेजारी ठेवून पडताळा.

खरं काम यानंतरचं: सर्वाधिक सायटेशन्स मिळालेले दहा पेपर उघडून प्रत्येकाचा प्रकार लिहा. स्केल (लक्षणं मोजायची प्रश्नावली), पद्धत, रिव्ह्यू (आधीच्या संशोधनाचा आढावा), कन्सॉर्शियम (अनेक संस्थांचा एकत्रित गट) की मूळ निष्कर्ष? नैराश्याची हॅमिल्टन स्केल (१९६०) किंवा स्किझोफ्रेनियाची लक्षणं मोजणारी पॅन्स (PANSS, १९८७) वापरली की तिचा मूळ पेपर द्यावाच लागतो. एफएमआरआयच्या (मेंदूची हालचाल टिपणाऱ्या स्कॅनच्या) पेपरांत 'सर्व सहभागी उजव्या हाताने काम करणारे होते' या वाक्यामागे ओल्डफील्ड यांची १९७१ ची हातवापराची प्रश्नावली हमखास येते. उपयोग झाला हे नक्की, पण एखादा सिद्धांत लोकांना पटला असा त्याचा अर्थ नाही. कन्सॉर्शियमचं गणित आणखी निराळं. सायकियाट्रिक जेनॉमिक्स कन्सॉर्शियमच्या २०१४ च्या स्किझोफ्रेनियावरच्या पेपरात जनुकीय संबंधाच्या १०८ जागा दाखवल्या होत्या आणि लेखक शेकडो होते. अशा पेपरातल्या मधल्या नावाला पूर्ण श्रेय द्यायचं नाही आणि शून्यही द्यायचं नाही. लेखकांची कामं क्रेडिट (CRediT, कोणत्या लेखकाने काय केलं हे नोंदवण्याची पद्धत) पद्धतीच्या १४ भूमिकांत दिलेली असतील, तर ती वाचा. मी स्वतः सायटेशन्सची एकूण बेरीज दोनदा काढेन: एकदा सगळ्या पेपरांची, एकदा फक्त पहिलं किंवा शेवटचं नाव असलेल्यांची.

दोन क्षेत्रांची सरळ तुलना करायची असेल, तर एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या आयसाइट (iCite) या संकेतस्थळावरचा रिलेटिव्ह सायटेशन रेशो, म्हणजे क्षेत्राच्या तुलनेतलं सायटेशनचं प्रमाण, बघा. एखाद्या पेपरासोबत उद्धृत होणारे पेपर म्हणजेच त्याचं क्षेत्र, असं तो धरतो. १.० म्हणजे एनआयएचच्या अनुदानातून आलेल्या पेपरांतला मध्यावरचा पेपर. संशोधकाच्या पेपरांच्या रेशोची सरासरी न काढता मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या, कारण एकच स्केलचा पेपर सरासरी वर ओढून नेतो. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीत नसलेले पेपर इथे दिसत नाहीत, त्यामुळे आकलनाच्या मानसशास्त्रातलं काही काम गळतं. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर मात्र बाजूला ठेवा. तो त्या जर्नलमधल्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेल्या सायटेशन्सचा सरासरी हिशेब असतो, एकेका पेपराचा नव्हे.

सायटेशन म्हणजे सहमती नव्हे, हे तर या क्षेत्राइतकं क्वचितच कुठे दिसतं. सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर जनुक, आयुष्यातले ताण आणि नैराश्य यांचा संबंध सांगणारा २००३ चा 'सायन्स'मधला पेपर प्रचंड गाजला. २०१९ मध्ये मोठ्या नमुन्यांवर नैराश्याशी संबंध असावा असा आधीपासून अंदाज असलेली १८ 'कॅंडिडेट' जनुकं तपासली गेली, त्यांत हेही होतं. आधीच्या दाव्यांना आधार मिळाला नाही. पण त्यावर टीका करणारा प्रत्येक पेपरही मूळ पेपराच्या खात्यात एक सायटेशन टाकतोच. म्हणून यादीतल्या पहिल्या तीन पेपरांसाठी तरी, त्यांना उद्धृत करणारे २० ते ३० लेख यादृच्छिक पद्धतीने निवडा आणि ते नेमकं वाक्य वाचा. आधार, विरोध की प्रस्तावनेतली नुसती ओळ, एवढी तीन खाती पुरतात. दुपारभराचं कंटाळवाणं काम आहे खरं, पण एच-इंडेक्स जे सांगत नाही ते इथेच सापडतं.

त्याच बैठकीत दहाही पेपरांची पबमेडवरची नोंद उघडून दुरुस्ती किंवा माघारीची सूचना आहे का ते पाहा. मागे घेतलेल्या पेपरांनाही सायटेशन्स मिळत राहतात. अल्झायमरमधल्या एका अमायलॉइड प्रथिनसमूहाबद्दलचा २००६ चा 'नेचर'मधला पेपर २०२४ मध्ये मागे घेतला गेला, तोवर त्याला हजारांवर सायटेशन्स मिळून गेली होती. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची माहिती २०२३ पासून क्रॉसरेफ या नोंदणी संस्थेकडे खुली आहे. डीओआय (पेपराचा कायमचा ओळख क्रमांक) टाकून दहा पेपर तपासायला फार वेळ लागत नाही.