तलावपाळीचा निळा

ठाण्याचे तलाव गोधडीवर उतरवायचे, हे दोन वर्षं मनात होतं. मी कापडछपाईची डिझाइनं करते. तिथे निळा रंग स्क्रीनवर क्लिकसरशी मिळतो. पण तलावपाळीचं, म्हणजे ठाण्याच्या मासुंदा तलावाचं, पाणी मला आईच्या जुन्या सुती साडीवर, खऱ्या निळीतच हवं होतं.

साडी आधी धुण्याच्या सोड्यात तासभर उकळली. वर्षानुवर्षांची खळ निघून पाणी चहासारखं झालं. मग नौपाड्यातल्या आमच्या बाल्कनीत दहा लिटरचं पातेलं मांडलं : ५० ग्रॅम नीळ, १०० ग्रॅम विझवलेला चुना, १५० ग्रॅम गूळ. नीळ नुसत्या पाण्यात विरघळतच नाही. चुना आणि गूळ मिळून तिचं रूप पालटतात, ती पिवळट हिरवी होऊन धाग्यात शिरते. बाहेर हवा लागली की पुन्हा निळी होते आणि आतच अडकून बसते.

हे सगळं ठाऊक असूनही मी घाई केली. पाणी अजून निळंच होतं, तरी कापड बुडवलं. पहिल्याच धुण्यात रंग मोरीतून वाहून गेला. फार वाईट वाटलं, कारण त्या साडीचा एक तुकडा कायमचा राखाडी झाला होता.

मग पातेलं गरम पाण्याच्या मोठ्या टोपात ठेवून ५० अंशांपर्यंत तापवलं, थोडा गूळ वाढवला, हळूच ढवळलं आणि रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी वर तांब्याच्या रंगाची साय होती आणि ती बाजूला सारल्यावर खाली हिरवट पिवळं पाणी. कापड मिनिटभर बुडवून काढलं. पोपटी निघालेलं कापड कडांपासून निळं होत आत सरकत गेलं. आईला हाक मारली, तोवर पोपटी संपलासुद्धा! पंधरा मिनिटं हवा, पुन्हा बुडवणं, असं आठ वेळा. शेवटी व्हिनेगरच्या पाण्यात खळबळून चुना काढला.

वाळत घातल्यावर एक गोष्ट दिसली. साडीला आईने हाताने फॉल लावला होता, पॉलिएस्टरच्या दोऱ्याने. त्या दोऱ्याने नीळ धरलीच नाही. गडद निळ्यात पांढऱ्या टाक्यांची रांग, एक टाका लांब, एक आखूड. नकाशा काढताना काठासाठी मी वेगळी पट्टी आखली होती, ती रद्द केली. तलावपाळीचा काठ आता त्याच टाक्यांचा आहे.

आईने त्यावरून बोट फिरवलं. "हे घाईत घातलेत गं मी, तुझ्या शाळेच्या गॅदरिंगला नेसायची होती."

उपवन तलावासाठी दुसरी साडी सोड्यात घातली आहे. तिचा फॉल मी उसवलेला नाही.