तुम्ही विचारलंत म्हणून: पाइपाच्या खोलीचा एकच आकडा मी का देत नाही

‘मशीन एवढं महागाचं, मग पाइप किती खोल आहे ते एका आकड्यात सांगा ना!’ ठेकेदार म्हणतात, सोसायटीचे चेअरमन म्हणतात. परवा सातपूरला पुन्हा तेच. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

माझं मशीन म्हणजे जीपीआर, जमिनीखालचं शोधणारं रडार. ते खोली मोजत नाही, वेळ मोजतं. लहर जमिनीत जाते, पाइपावर आदळून परतते, त्याला किती नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग) लागले तेवढंच कळतं. खोली म्हणजे निम्मा वेळ गुणिले मातीतला वेग. आणि वेग ठरतो मुख्यतः मातीतल्या पाण्यावर. कोरड्या मुरमात नॅनोसेकंदाला साधारण १२ सेंटीमीटर, ओल्या काळ्या मातीत ७ च्या आसपास. म्हणजे २० नॅनोसेकंदांनी आलेला तोच पाइप मुरमात १.२ मीटरवर, ओल्या काळीत ७० सेंटीमीटरवर.

पंचवटीच्या बाजूला हेच झालं. पाऊस नुकताच उघडला होता. वर रस्त्याचा मुरूम, खाली चिंब काळी माती. पडद्यावर पाइपाची कमान दिसते, तिच्या रुंदीवरून वेग काढता येतो. पण त्यासाठी मशीन पाइपावरून काटकोनात न्यावं लागतं. तिथे एका बाजूला गटार, दुसरीकडे भिंत; काटकोनात जाता येईना. तिरकं ओलांडलं की कमान पसरट दिसते आणि पाइप आहे त्याहून खोल भासतो. म्हणून मी लिहून दिलं: ‘७० सेंटीमीटर ते १.२ मीटर. आधी हाताने खड्डा घ्या.’ काम बघणाऱ्या साहेबांनी नकाशावर फक्त १.२ उतरवलं. जेसीबीचं बकेट पाऊण मीटरवरच पाइपात घुसलं. चरात उतरलेला पोरगा पाण्यातून कसाबसा वर आला. गल्लीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन माझ्यासमोर उभ्या, आणि साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, ‘रडारवाल्याने चुकीची खोली दिली.’ माझा कागद कुणी बघितला नाही. तिथे पाण्याऐवजी हाय टेन्शन केबल असती तर? त्या पोराचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

पूर्वी मी हट्टाने म्हणायचो, चाचणी खड्डा नाही तर आकडाही नाही. पण आकडा नसला की लोक नुसत्या अंदाजाने खणतात, तेही पाहिलंय. मग दोन आकडे द्यावेत, तर त्यातला सोयीचा उचलतात. फक्त कमी खोलीचाच द्यावा, तर ‘एक मीटर खणलं, पाइप कुठाय?’ म्हणून पैसे अडवतात. यातलं बरोबर काय, माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

एवढं मात्र करा. फोन कराल तेव्हा जवळपास त्याच पाइपाचा उघडा चेंबर आहे का ते सांगा. तिथे पाइपाच्या माथ्यापर्यंतची खोली टेपने मोजून घेतली आणि शेजारीच स्कॅन केलं, की त्या मातीतला वेग मिळतो. मग माझे दोन आकडे बरेच जवळ येतात.