‘ह’चा खंड

शाळेच्या हीरकमहोत्सवी अंकासाठी लिहा, असं संपादक मंडळाचं पत्र आलं तेव्हा मी परीक्षेचे पेपर तपासत होते. पत्र बाजूला ठेवून पुन्हा पेपर पुढे ओढले. तीन पेपर झाल्यावर लक्षात आलं, की मी जिन्याखालचं ग्रंथालय आठवत बसले आहे. तिन्ही पेपर पुन्हा तपासावे लागले.

शाळेबद्दल लिहायचं तर प्रार्थना, घंटा, पटांगणातलं चिंचेचं झाड, स्नेहसंमेलन हे सगळं यायला हवं. माझ्या वर्गातल्या बाकीच्यांनी ते लिहिलं असेलच. मला एकाच माणसाबद्दल लिहायचं आहे. सरांचं नाव फलकावर आहे, पण आमच्या तोंडी ते कधीच नव्हतं. आम्ही त्यांना कोशसर म्हणायचो आणि त्यांना ते माहीत होतं.

पाचवी-सहावीला मराठी शिकवणं आणि ग्रंथालय सांभाळणं अशी त्यांची दोन कामं होती. ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची ती तिरकी जागा. दोन लोखंडी कपाटं, एक काचेच्या दारांचं लाकडी कपाट आणि एक लांब बाक. गोष्टीची पुस्तकं लोखंडी कपाटांत. लाकडी कपाटातली पुस्तकं घरी मिळायची नाहीत, तिथेच बसून बघायची. पण त्या कपाटाची किल्ली शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत कुलपातच लटकत असायची. कोणीही यावं, दार उघडावं, पुस्तक काढावं. फक्त परत ठेवताना पाठीवरचा आकडा बघून ठेवायचं, एवढीच अट. त्या आकड्यांवरून मी जग शिकले, असं म्हटलं तरी चालेल. 030 म्हणजे कोश, 598 म्हणजे पक्षी, 633 म्हणजे शेतातली पिकं, 641 म्हणजे स्वयंपाक, 796 म्हणजे खेळ.

काय काय होतं त्या कपाटात! वरच्या कप्प्यात मराठी विश्वकोशाचे तोवर आलेले खंड. त्याखाली महादेवशास्त्री जोशींचा भारतीय संस्कृतिकोश, दहाच्या दहा खंड. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, पाठीचं कापड उसवलेला. चित्रावशास्त्रींचा प्राचीन चरित्रकोश. जिल्ह्याचं गॅझेटिअर. सलीम अलींचं पक्ष्यांचं पुस्तक. आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून पंपदुरुस्ती, प्रथमोपचार, शिवणकाम, बुद्धिबळ, रेल्वेचं वेळापत्रक आणि मागच्या बऱ्याच वर्षांची पंचांगं. जुनी पंचांगं कशाला ठेवायची, असं एकदा कोणीतरी विचारलं. सर म्हणाले, “तुझा जन्म कुठल्या वारी झाला ते तुला याच्याशिवाय कोण सांगणार?” त्या दिवशी आख्खा वर्ग आपापला वार शोधायला बाकावर गोळा झाला होता.

ग्रंथालयाच्या तासाला सर चिठ्ठ्या वाटायचे. चिठ्ठीवर एक प्रश्न आणि खाली दोन ओळी मोकळ्या. पहिली ओळ उत्तराची, दुसरी पत्त्याची. पत्ता म्हणजे कुठलं पुस्तक, कितवा खंड, कुठलं पान, डावा रकाना की उजवा. एकदा मला आलं होतं, ‘एका तोळ्यात गुंजा किती?’ हे मला घरूनच ठाऊक होतं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. मी शहाण्णव लिहून दोन मिनिटांत चिठ्ठी परत दिली. सरांनी ती माझ्याच हातात ठेवली. “उत्तर बरोबर आहे. राहतं कुठे?” तो तास मी ते शोधण्यात घालवला आणि सापडलं तेव्हा घंटा झाली होती.

कोश करणाऱ्या माणसांच्या गोष्टी सर इतक्या आपुलकीने सांगत, की ही माणसं शेजारच्या आळीत राहत असावीत असं वाटे. केतकर अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आले आणि ज्ञानकोशासाठी गावोगाव वर्गणीदार गोळा करत हिंडले, तेवीस विभाग पुरे करूनच थांबले. गोव्याच्या आंबेडे गावातले महादेवशास्त्री, आणि गोवामुक्तीसाठी पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेलेल्या त्यांच्या पत्नी सुधाताई. मोल्सवर्थ तर गोरा साहेब. शास्त्री-पंडितांना बरोबर घेऊन त्याने 1831 साली आपल्या भाषेचा कोश काढला, आणि तेवढ्यावर समाधान न मानता 1857 साली तो वाढवून पुन्हा काढला. “परक्या माणसाला आपले शब्द मोलाचे वाटले,” असं म्हणताना सर त्या उसवलेल्या पाठीवरून हात फिरवायचे.

नववीतली महाबळेश्वरची सहल आठवते. वाईला सगळे ढोल्या गणपतीला गेले. सरांनी आम्हा सहा-सात जणांना वेगळं काढलं आणि विश्वकोशाचं कार्यालय दाखवायला नेलं. रविवार होता, दार बंद. आम्ही पाटी वाचली. सर म्हणाले, “इथे विश्वकोशाचे प्रमुख संपादक, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी बसतात. इथे अंकापासून पुढे सगळं लिहिलं जातंय.” पाच मिनिटं आम्ही त्या बंद दारासमोर उभे राहिलो आणि एस.टी.कडे परत आलो. महाबळेश्वरचे पॉइंट मी विसरले आहे, ते दार विसरलेले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती.

1987 साल, दिवाळीनंतरचे दिवस. भूगोलाच्या बाईंनी ‘आपल्या भागातले पीक’ असा विषय लिहून आणायला सांगितला होता. माझे वडील, अण्णा, सांगलीच्या हळदीच्या पेठेत हमाल. अंगाला, कपड्यांना, घरातल्या उशांनासुद्धा हळदीचा वास. मी अर्थातच हळद घेतली आणि ऐटीत जिन्याखाली गेले. विश्वकोश काढला. खंड चाळत चाळत शेवटच्यापर्यंत आले, तर ‘ह’ नाहीच. खंड हरवला असं वाटून मी सरांना सांगितलं.

सर हसले नाहीत. मला बाकावर बसवून त्यांनी सांगितलं, की पहिला खंड 1976 ला आला, वर्षा-दोन वर्षांनी एकेक येतो आहे, आणि ‘ह’ यायला अजून खूप अवकाश आहे. तू तेव्हा मोठी झालेली असशील. मला रडू यायला लागलं. जगातलं सगळं त्या कपाटात असतं, असा माझा समज होता. आणि आमच्या घरची, आमच्या पेठेची, अण्णांच्या पाठीवरची वस्तू तेवढी त्यात नव्हती.

सरांनी खणातून एक कोरी वही काढली, जाड पुठ्ठ्याची, निळ्या कापडाच्या पाठीची. वर कागदाची पट्टी चिकटवली आणि टाकाने एकच अक्षर लिहिलं : ह.

“तो खंड येईपर्यंत हा वापरू,” म्हणाले. “पहिली नोंद तुझी.”

मग दोन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. कोशातली नोंद कशी लिहितात ते सरांनी उघडून दाखवलं. आधी नाव, मग कंसात इतर भाषांतली नावं, मग शास्त्रीय नाव आणि कुल. मजकुरात जिथे दुसऱ्या नोंदीकडे जायचं तिथे बाण. शेवटी लिहिणाऱ्याचं नाव, आडनाव आधी. झिंजिबरेसी हा शब्द मी पहिल्यांदा तिथे लिहिला. आल्याचं कुळ तेच, हे कळलं तेव्हा घरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, “मग काय, दिसतातच बहिणी-बहिणी.”

पुस्तकांतून मिळालं ते एका पानात संपलं. पेवाबद्दल मात्र फारसं काही मिळेना. मोल्सवर्थमध्ये शब्द होता, अर्थ होता, जमिनीखालचं कोठार. पण शेजारच्या हरिपूरची पेवं कशी असतात, त्यात हळद कशी राहते, हे कुठेच नाही. सरांनी विचारलं, “हे कोणाला माहीत असेल?” मी म्हटलं, “अण्णांना.” “मग विचार. वही घेऊन बस त्यांच्यापुढे.”

अण्णा दोन इयत्ता शिकलेले. आपली लेक पेन उघडून आपल्यासमोर बसली आहे, हे त्यांना विचित्र वाटत होतं. पहिल्या दिवशी ते फक्त “असंच असतंय” एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी मला हरिपूरला घेऊन गेले. एक पेव उघडायचं होतं. वरची माती बाजूला केली, तोंडावरचा दगड सरकवला. माणूस कसाबसा उतरेल एवढंच तोंड. मी वाकून बघायला गेले तर अण्णांनी दंड धरून मागे ओढलं. “लगेच वाकायचं न्हाई. आत वारं कोंडलेलं असतंय. आधी श्वास घेऊ द्यायचा त्याला.” चांगले चार-पाच तास पेव उघडं ठेवलं. मग दोरीला कंदील बांधून हळूहळू खाली सोडला. कंदील जळत राहिला, तसा एक गडी उतरला. विझला असता तर कोणी उतरलं नसतं. कंदील खाली जाताना आतली भिंत दिसत गेली. वर बाटलीच्या गळ्यासारखी, पुढे रुंद होत जाणारी. दोरीवर अण्णांनी गाठ मारून दिली आणि वर आल्यावर मी ती फुटपट्टीने मोजली. बावीस फूट. तळातून पहिलं पोतं वर आलं तेव्हा जो वास सुटला तो मी कुठल्याही नोंदीत लिहू शकले नाही.

नोंद लिहिली. जेठे गड्डे बियाण्याला, हळकुंडं शिजवून वाळवून बाजारात, राजापुरी जात, शेणाने सारवलेलं पेव, कडेला पाला, तिथली घट्ट माती ज्यातून पाणी पाझरत नाही, आत हवा नाही म्हणून कीड नाही. आणि शेवटी मोठ्या झोकात एक वाक्य : ‘पेवात हळद शंभर वर्षे टिकते.’

सरांनी शिसपेन्सिलने त्याखाली रेघ ओढली. “कोणी पाहिली?”

“सगळे म्हणतात.”

“सगळे कुठे राहतात?”

मी अण्णांना पुन्हा विचारलं. अण्णा बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, “माझ्या डोळ्यांनी बघितलेली, पाच वर्षांची. भरताना बी मी हुतो आन् काढताना बी मी हुतो. पुढचं ठाव न्हाई.” मी शंभर खोडून पाच केलं. वाक्य एकदम लहान झालं, मला ते आवडलं नाही, आणि मी तसं सरांना सांगितलं. सर म्हणाले, “लहान झालं, पण आता त्याला घर आहे.”

मग त्यांनी वही आपल्याकडे ओढली आणि संदर्भाच्या जागी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. एक : मोल्सवर्थ. दोन : जिल्हा गॅझेटिअर. तीन : अण्णांचं पूर्ण नाव, आडनाव आधी, पुढे ‘हमाल, हळद पेठ, अनुभव 26 वर्षे’. मोल्सवर्थच्या खाली दोन ओळींवर माझे अण्णा.

ती वही एका रात्रीपुरती मी घरी नेली. लाकडी कपाटातली वस्तू घरी नेण्याची परवानगी मिळालेली मी एकटीच. आईने दिवा जवळ धरला. अण्णांना सही करण्यापुरतं वाचता यायचं. त्यांनी आपलं नाव बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि आधी हात धुऊन यायला हवं होतं असं म्हणाले. कारण बोटाचा पिवळा ठसा कागदावर उमटला होता.

पुढे मी वनस्पतिशास्त्र घेतलं, पीएच.डी. केली, आज पुण्यात विभागप्रमुख आहे. मसाल्याच्या पिकांवरची दोन पाठ्यपुस्तकं माझ्या नावावर आहेत. प्रबंधाच्या शेवटी मी माहिती देणाऱ्या एकोणीस शेतकरी, हमाल आणि शिजवणकऱ्यांची नावं संदर्भांत दिली होती. ती काढा, असा आग्रह झाला. मी काढली नाहीत. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे निळ्या पाठीची वहीच होती.

हरिपूरची बहुतेक पेवं 2005 च्या पुरात गेली. हळद आता गोदामांत आणि शीतगृहांत असते. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या दिवशी फोन करून सांगावं अशी दोन्ही माणसं राहिली नव्हती. विश्वकोशाचा विसावा खंड 2015 साली आला. शेवटच्या खंडात हळदीची नोंद आहे. ती मी उभ्या उभ्याच वाचली. सर त्याआधी तीन वर्षं गेले.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा जिन्याखाली काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. मी महिन्याने आले. विश्वकोशाचे खंड फुगून कपाटाला घट्ट बसले होते. चित्रपत्रांचा गुळगुळीत कागद एकमेकाला चिकटून त्याच्या विटा झाल्या होत्या. एक उघडायला गेले तर फुलपाखरांचं अख्खं पान सालासारखं निघून आलं. त्यानंतर ती जागा रिकामीच राहिली. विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो, ही फार मोठी गोष्ट आहे, मी स्वतः रोज वाचते. पण एक शब्द शोधताना शेजारच्या चार शब्दांना धक्का लागायचा, कबुतर शोधताना कबीर भेटायचा, तसं बाकावर बसून होणं आज आपल्या मुलांच्या वाट्याला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

‘ह’ची वही खंडांच्या डोक्यावर आडवी ठेवलेली होती, म्हणून वाचली. निळं कापड विटलं आहे. माझ्या नोंदीनंतर तीत आणखी एकतीस नोंदी आहेत, वेगवेगळ्या अक्षरांत. हरभरा, हिमोग्लोबिन, हुरडा, होकायंत्र, होडी. हुरड्याच्या नोंदीखाली संदर्भात कोणाची तरी आजी आहे.

महोत्सवाच्या दिवशी मी विश्वकोशाचे सगळे खंड घेऊन येणार आहे. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे, कपाट पहिल्या मजल्यावर ठेवायचं ठरलं आहे. शेवटच्या खंडाशेजारी ती वही उभी करावी आणि शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत किल्ली कुलपातच राहू द्यावी, एवढं मी मागितलं आहे.