लाइट सिगरेट ते सिगरेट बंद: माझा अनुभव

आम्ही मूळचे निपाणीचे, घरात तंबाखूचा वास जन्मापासूनच. पण तो बिडीचा तंबाखू, मला सिगरेट लागली ती बेळगावात उद्यमबागेत शिफ्ट करताना. पुढं सकाळचा खोकला थांबेना तेव्हा टपरीवाला म्हणाला, "हे लाइट घ्या की ओ, ह्यानं काय होत नाही." खरंतर पाकिटावर लाइट, माइल्ड असलं छापायला आपल्याकडं बंदी आहे, युरोपात २००३ पासून आणि अमेरिकेत २०१० पासून हेच, पण टपरीवर कोण कायदा वाचतंय, पांढरं-चंदेरी पाकीट दिसलं की ते लाइट.

घशाला एकदम मऊ लागायची, त्यामुळं वाटलं आता हळूहळू सुटेल, तर उलट जास्तच ओढायला लागलो आणि खोकला होता तिथंच. शेवटी बायकोनं सरकारी दवाखान्यातल्या तंबाखू सोडवायच्या केंद्रात नेलं (फुकट असतं, गर्दी सोडली तर त्रास नाही). तिथल्या डॉक्टरबाईंनी माझ्याच पाकिटातली एक काढून फिल्टर खिडकीच्या उजेडात धरला, तर कागदावर टाचणीच्या टोकापेक्षा बारीक भोकांची गोल रांग! ह्या भोकांतून हवा आत येते म्हणून सिगरेटची टेस्ट करणारं मशीन टार (धुरातला चिकट काळा थर) कमी दाखवतं. ह्या मशीनच्या जुन्या टेस्टमध्ये ते मिनिटाला एकच झुरका घ्यायचं, ३५ मिलीचा, दोन सेकंदांचा. माणूस असा मोजून ओढतोय होय? निकोटिन कमी पडलं की आपण लांब झुरका घेतो, जास्त वेळा घेतो, आणि बोटांनी नाहीतर ओठांनी ती भोकं झाकतो, आपल्याला पत्तापण नसतो. धूर खोल फुफ्फुसात जातो तो वेगळाच, आणि तिथं होणारा कॅन्सर वाढण्यामागं ही भोकंवाली फिल्टर असावीत असं म्हणतात.

घरी येऊन थोटकं बघितली. भोकं उघडी राहिली तर फिल्टरच्या टोकाला मधेच डाग पडतो आणि कडेनं पांढरं राहतं. माझी कडेपर्यंत तपकिरी.

मग निकोटिनचं च्युइंगम दिलं, ४ मिग्रॅचं, कारण उठल्या उठल्या अर्ध्या तासाच्या आत मला पहिली लागायची. ते साध्या च्युइंगमसारखं कचाकचा चावायचं नाही हे नीट ऐका, थोडं चावायचं, तिखट झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं. चहाबरोबर नाही, आधी पंधरा मिनिटं काहीच खायचं-प्यायचं नाही, आणि माझी सगळी तलप चहाबरोबरच! पहिले दोन-तीन दिवस लई वाईट, झोप नाही, फोरमनवर विनाकारण भडकलो, आईला वाटलं ह्याला काय बाधाबिधा झालीय. पाकिटावरच्या १८००-११-२३५६ ह्या तंबाखू सोडायच्या हेल्पलाइनला फोन केला, तिथले तलप आली की पाणी प्या, पाच मिनिटं टाळा म्हणाले. पाच मिनिटं टळतात, खरंच.

आता च्युइंगमपण बंद आहे. जेवल्यावर अजून आठवण येते, पण जिना चढताना धाप लागत नाही. शिफ्टमधला दोस्त सध्या फिल्टरमधली गोळी दाबून फोडायची मेंथॉलवाली सिगरेट ओढायलाय, "गार लागतंय बघ, घसा दुखत नाही" म्हणतो. मी म्हटलं, "अरे घसा दुखत नाही म्हणूनच तू आत ओढालायस, थोटूक दाखव बघू."