गुन्हेगार जिंकले!

उपशीर्षकांचे भाषांतर करताना मूळ संहितेतली चूक दिसली, की ती गुपचूप दुरुस्त करून पुढे जायची सवय हाताला लागते. एका दिवशी मला नेमकी हीच सवय नडली. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या युमा गावावरचा एक माहितीपट माझ्याकडे मराठीसाठी आला होता. त्यात हायस्कूलच्या फुटबॉल सामन्याचा प्रसंग होता आणि मैदानात उतरणाऱ्या मुलांना निवेदक ‘क्रिमिनल्स’ म्हणतो, असे संहितेत लिहिले होते. त्या राज्याच्या व्यावसायिक फुटबॉल संघाचे नाव ‘कार्डिनल्स’ असल्यामुळे ऐकून लिहिणाऱ्याची गफलत झाली असणार, असे मी गृहीत धरले, शब्द बदलला आणि फाइल पाठवून जेवायला बसले.

तासाभराने तपासणाऱ्या सहकाऱ्याचा निरोप आला : “ताई, चित्र पाहिलंत का?”

पाहिले होते, पण नजर खालच्या ओळींवर ठेवून. आता नीट पाहिले, तर प्रेक्षकांच्या टी-शर्टांवर एका राकट कैद्याचा चेहरा होता आणि शाळेच्या वस्तुभांडाराचे नाव चक्क ‘सेल ब्लॉक’, म्हणजे कोठड्यांची बराक!

मग दुपार युमाच्या तुरुंगात गेली. कोलोरॅडो नदीकाठच्या टेकाडावर हा तुरुंग १८७६ मध्ये सुरू झाला. त्यात कोंडलेल्या पहिल्या सात जणांनी आपल्या कोठड्या स्वतःच बांधल्या होत्या. पुढच्या ३३ वर्षांत तिथे ३,०६९ कैदी आले. त्यांत २९ स्त्रिया होत्या. १९०९ मध्ये तुरुंग बंद झाला आणि १९१० ते १९१४ या काळात त्याच इमारतींत गावाचे हायस्कूल भरले. त्या शाळेच्या संघाने फीनिक्सच्या संघाला अनपेक्षितपणे हरवले, तेव्हा चिडलेल्या प्रतिस्पर्ध्यांनी या पोरांना ‘क्रिमिनल्स’ म्हणून हिणवले. पोरांनी ती शिवी खाली पडू दिली नाही. आज तुरुंगाचे संग्रहालय झाले आहे, शाळा कधीच दुसरीकडे गेली, पण नाव टिकले. लाडाने ‘क्रिम्स’ म्हणतात.

माझी खरी अडचण इथून पुढे होती. ‘कैदी’ हा शब्द सौम्य, शिवाय इमारतीशी जुळणारा; सहकाऱ्याचाही कौल त्यालाच होता. पण कैदी म्हणजे तुरुंगात असलेला माणूस, एवढेच. त्या शब्दात हिणवणे नाही, आणि हिणवणेच गेले तर ते अभिमानाने मिरवण्याला काय अर्थ उरतो? ‘गुन्हेगार’ लिहावे, तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना आपण काय म्हणतो आहोत, असे वाटून हात अडखळत होता. शेवटी आमच्या गल्लीतल्या चोरमले काकू आठवल्या. त्यांच्या आडनावात आम्हाला कधी चोर ऐकू आला नाही. युमातल्या आईबापांचेही तसेच होत असावे. मॅस्कॉटला मराठीत ‘शुभंकर’ म्हणतात, म्हणजे शुभ करणारा, आणि इथे ती जबाबदारी एका बदमाशाकडे होती, हेही मला मनापासून आवडले.

मी पहिल्या उल्लेखाला ‘गुन्हेगार’ लिहिले, घोषणांमध्ये ‘क्रिम्स’ तसेच ठेवले आणि झालेल्या चुकीबद्दल दिलगिरीचा मेल टाकला. रात्री शेवटची तपासणी करताना सामना संपला आणि पडद्यावर ओळ उमटली : ‘गुन्हेगार जिंकले!’

मागून आई चष्मा सावरत म्हणाली, “कुठल्या कोर्टात गं?”