आयझेनाखचं बाखहाउस कसं पाहावं, कसं ऐकावं

जर्मनीतल्या आयझेनाख गावात जर्मन संगीतकार बाखचं संग्रहालय आहे, ते बाखहाउस. त्याच्या तिकीटखिडकीवर पहिला प्रश्न विचारायचा तो वाद्यं वाजवून दाखवण्याचा पुढचा कार्यक्रम किती वाजता आहे हा. संग्रहालय रोज सकाळी १० ते संध्याकाळी ६ उघडं असतं आणि साधारण दर तासाला असा कार्यक्रम होतो. त्याचं वेगळं तिकीट नसतं. बाकीचं सगळं या वेळेच्या मागेपुढे बसवावं. मी तसंच केलं, आणि जर्मनीत शिकायला-नोकरीला असलेल्या ओळखीच्या मराठी मंडळींनाही हेच सांगतो.

फ्रँकफुर्टहून आयसीई या वेगवान गाडीनं आयझेनाख साधारण पावणेदोन तासांवर आहे, एर्फुर्टहून अर्ध्या तासावर. स्टेशनातून निघालं की निकोलाईटोअर या जुन्या वेशीतून कार्लष्ट्रासंवर यायचं, तिथून सरळ बाजारचौक आणि पुढे फ्राउएनप्लान हा चौक. रमतगमत वीसेक मिनिटं. बाखचा ब्राँझचा पुतळा दिसला की संग्रहालय आलंच.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. बाखचा जन्म या घरातला नाही. साडेपाचशे वर्षांहून जुनं हे घर तेच जन्मघर आहे अशा समजुतीनं विकत घेतलं गेलं आणि १९०७ साली इथे बाखचं पहिलं संग्रहालय उघडलं. पुढे कागदपत्रांवरून कळलं की बाखच्या वडिलांचं घर जवळच, आजच्या लुथरष्ट्रासंवर होतं. ते आता उरलेलं नाही. जुन्या खोल्यांतलं सामान त्या काळातलं आहे, बाखच्या घरातलं नाही. त्याचा पलंग, त्याचं टेबल शोधत जाल तर हिरमोड होईल. ऐकायला गेलात तर मात्र घर भरभरून देतं.

वाद्यांच्या दालनात दहा मिनिटं आधी जाऊन पहिल्या रांगेत बसा. कारण क्लॅव्हिकॉर्ड. नळ्यांत हवा सोडून वाजणारे दोन छोटे ऑर्गन, स्पिनेट (हार्प्सिकॉर्डचंच छोटं भावंड), हार्प्सिकॉर्ड आणि क्लॅव्हिकॉर्ड अशी पट्ट्यांची पाच वाद्यं वीसेक मिनिटांत वाजतात. त्यातली चार मागूनही छान ऐकू येतात. क्लॅव्हिकॉर्डचा आवाज इतका बारीक, की शेजारच्यानं जॅकेटची चेन ओढली तरी दोन सूर हरवतात. हार्प्सिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की टोकदार नखी तार छेडते आणि बाजूला होते. बोट हळू ठेवा की जोरात, आवाजात जवळजवळ फरक पडत नाही. क्लॅव्हिकॉर्डमध्ये पट्टीच्या दुसऱ्या टोकाला पितळेचं चपटं पातं असतं. ते तारेवर आपटतं आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत तारेला टेकूनच राहतं. त्यामुळे बोटाचा दाब किंचित वाढवला की तार ताणली जाते आणि सूर जरासा वर सरकतो. पेटीवर मींड निघत नाही हे ज्यांच्या कानात पक्कं बसलंय, त्यांनी पट्ट्यांच्या वाद्यावर सूर असा हलताना जरूर ऐकावा. वाजवणाऱ्याचं बोट पट्टी न सोडता डोलत असतं, ते पुढूनच दिसतं.

ऑर्गनच्या वेळी भाता मारायला प्रेक्षकांतून कुणालातरी बोलावतात. संधी मिळाली तर सोडू नका. पेटीच्या सवयीनं हात भराभर चालतो, आणि नेमकं तेच इथे चुकतं. या भात्याचा दाब त्याच्यावरच्या वजनानं ठरतो. आपण फक्त तो भरत राहायचा. हिसका दिला तर नळ्यांतला सूर थरथरतो, भाता रिकामा होऊ दिला तर सूर खाली बसतो. पेटीत धातूची पट्टी कंप पावते, म्हणून हवा कमीजास्त झाली तर मुख्यतः आवाज लहानमोठा होतो. नळीत खुद्द सुराला धक्का लागतो. सावकाश भरायचा आणि पुरता उतरायच्या आत पुन्हा भरायचा, एवढंच.

त्यानंतर २००७ साली जोडलेल्या नव्या इमारतीत जा. तिथे छताला टांगलेल्या पारदर्शक गोल खुर्च्यांत बसून निवांत संगीत ऐकता येतं. गर्दीत त्या रिकाम्या मिळत नाहीत, त्यामुळे कार्यक्रम संपताच तिकडे वळावं. बाखच्या धर्मग्रंथांचं कपाटही वेळ काढून पाहण्यासारखं आहे. त्याच्या मृत्यूनंतर, १७५० साली झालेल्या मालमत्तेच्या यादीत अशा पुस्तकांचे ८१ खंड नोंदले होते. त्याच्या स्वतःच्या प्रतींपैकी आज फक्त तीन खंडांचं एक बायबल माहीत आहे आणि तेही अमेरिकेत आहे; इथे त्याच ग्रंथांच्या जुन्या प्रती जमवल्या आहेत. चर्चसाठी लिहिणारा हा माणूस काय वाचत होता, याचा अंदाज त्या जाडजूड पाठींवरून येतो.

एकूण अडीच तास हाताशी ठेवा. परतताना बाजारचौकातलं गेओर्गेनकिर्शं हे चर्च वाटेतच लागतं. २३ मार्च १६८५ रोजी बाखचा बाप्तिस्मा झाला ते दगडी पात्र तिथे आहे, आणि ते मात्र मूळचंच आहे.